क्रुसाची फुलं

उंबरपाड्याच्या तळ्याला वास सुटला तो भाद्रपदात. कुणाचं तरी वासरू पडून कुजलं असेल म्हणत लोक दोन दिवस काठाकाठानं बांबू घालून बघत होते. वासरू काही सापडलं नाही. जिकडे बांबू घालावा तिकडे फुलंच होती. जांभळी, टपोरी, तुऱ्यातुऱ्यानं उभी, आणि त्यांच्याखाली पानांची अशी दाटी की पाटलाचं कुत्रं चार पावलं त्यावरून चालत गेलं आणि मग आत गेलं. ते परत वर आलं नाही.

वासाची सुरुवात मात्र भाद्रपदातली नव्हती. ती वैशाखातली होती, आणि एमिलियाच्या हातची. हे एमिलियाला ठाऊक होतं, दुसऱ्या कुणालाच नव्हतं.

उंबरपाडा म्हणजे ठाण्याहून घोडबंदरकडे जाताना खाडीच्या अलीकडची वस्ती. तीस घरं किरिस्तावांची, पंधरा आगऱ्यांची, मधे तळं आणि तळ्याच्या पायऱ्यांवर चुन्यानं रंगवलेला क्रूस. क्रूस किरिस्तावांचा खरा, पण आगरीही त्याच्यापुढे नारळ ठेवत आणि मेणबत्ती लावत. त्या साली मुंबईचा प्लेग ठाण्यापर्यंत आला. आगरवाड्यातल्या पंढरीच्या बायकोला, आवडाबाईला, जांघेत गाठ आली आणि पंढरीनं क्रुसाला नवस बोलला की ही वाचली तर वैशाखातल्या क्रुसाच्या सणाचे नऊ दिवस फुलं माझी. आवडाबाई वाचली. फुलं आणायची कुठून, हा प्रश्न राहिला, कारण वैशाखात उंबरपाड्यात करवंदीच्या काट्यांशिवाय काही हिरवं नसतं.

पंढरी ठाण्याला एका इंजिनेर साहेबाच्या बंगल्यात बागेला पाणी घालायच्या कामावर होता. प्लेगाला भिऊन मड्डम पोरांना घेऊन डोंगरावर गेलेली. तिनं हौसेनं दगडी हौदात कुठल्याशा परदेशातून आणवलेलं फूल वाढवलं होतं. त्यातलं घंगाळभर पंढरीनं आणलं आणि एमिलियाच्या ओट्यावर ठेवलं. क्रुसाची झाडलोट, दिवा, फुलं हे काम एमिलियाच्या सासरच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, आणि सासू गेल्यावर ते तिच्याकडे आलं होतं.

फुलं बघून सगळा पाडा येडा झाला. नऊ दिवस क्रुसापुढे घंगाळात ती तशीच. एक तुरा मान टाकतो न टाकतो तोच दुसरा वर. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, क्रुसाला फूल आवडलं. सणाच्या दिवशी ठाण्याहून पाद्री मिस्साच्या प्रार्थनेला आला, त्यानंही फुलांना हात लावून बघितला. मग दर वर्षी सांगायचा ते त्यानं सांगितलं. देवापुढची फुलं जाळायची आणि राख मातीत पुरायची, पाण्यात सोडायची नाहीत, ती रीत तुमच्या जुन्या देवांची.

एमिलियानं दर वर्षीसारखी मान हलवली. पण तिच्या सासूनं तिला वेगळंच शिकवलं होतं. क्रुसावरचं फूल उकिरड्यावर नाही, पायदळी नाही, चुलीत तर नाहीच. ते पाण्याला द्यायचं. किरिस्ताव होऊन तीनशे वर्षं झाली तरी हात ते हातच राहतात. वीस वर्षं एमिलिया झेंडू आणि मोगरे तळ्याला देत आली होती, आणि तळ्यानं कधी तक्रार केली नव्हती. याही वर्षी ती पहाटे उठली, सातव्या पायरीवर बसली आणि घंगाळ हळूच पाण्यात रिकामं केलं. फुलं बुडाली नाहीत. मुळं खाली सोडून ती डौलात उभी राहिली आणि वाऱ्यानं आत सरकली. तिला बरं वाटलं होतं.

भटाला दिली ओसरी तशी गत झाली. पावसाळ्याच्या तोंडाला पायरीजवळ दोन हातांएवढा हिरवा तुकडा होता. श्रावणात तळ्याचा एक कोपरा झाकला. भाद्रपदात पाणी म्हणून दिसेना. पानांचे देठ फुगलेले, गळू आल्यासारखे. दाबला की फट्ट वाजायचा आणि आतून पांढरा भुसभुशीत गर यायचा. मुळं काळी, केसाळ, ओढली की हातभर लांब. त्यांना चिकटून जळवा, गोगलगायींची बुळबुळीत अंडी आणि चिखल. खालचं पाणी चहासारखं काळं झालं. मासे तोंड वर काढून वारा शोधत राहिले आणि मग पोट वर करून काठाला लागले. ते उचलायलाही कुणी जाईना. म्हशी पाण्यात बसून आल्या की नाकपुड्यांतून जळू लोंबायची. धुतलेल्या कपड्यांना न धुतलेल्यापेक्षा जास्त घाण येऊ लागली. तळ्याच्या काठाची विहीर झऱ्यानं तळ्याशी जोडलेली, तीही पिवळी पडली. तिन्हीसांजेला डास असे उठायचे की बोलायला तोंड उघडलं तर चार पोटात जायचे. ज्यांनी ‘क्रुसाचं फूल’ म्हणून डोळ्यांना लावलं होतं ते आता नुसतं ‘ती घाण’ म्हणू लागले.

एमिलियाचा नवरा थॉमस बोलायला कमी आणि कामाला वाघ. तळ्याला लागून त्याचं वायंगण होतं, पावसानंतरच्या दुसऱ्या भाताचं शेत, आणि ते सगळं तळ्याच्या पाण्यावर. त्यानं काठावर पाणी उपसायची लाट उभी केली, दोरीला पोहरा बांधला, लाट खाली दाबली. पोहरा वर आला तो काळ्या लगद्यानं भरलेला. त्यात एक मेलेला बेडूक होता, त्याची कातडी हाताला सुटून आली. थॉमस शेतात जाऊन ओकला आणि परत येऊन कोयता घेऊन पाण्यात उतरला. तीन दिवस त्यानं आणि एमिलियानं खाटेएवढी जागा मोकळी केली. चौथ्या दिवशी रविवार होता. मिस्सा करून येईपर्यंत वाऱ्यानं ती जागा पुन्हा मिटली. बांधावर काढून टाकलेला ढीग कुजून त्याचा काळा रस ओघळत परत तळ्यात जात होता, आणि ढिगाच्या माथ्यावर, एवढ्या घाणीत, एक जांभळा तुरा फुलला होता. एमिलियाला तो बघून इतकी शिसारी आली की तिनं दोन दिवस भाताला हात लावला नाही.

शिसारी त्या फुलाची होती तेवढीच स्वतःचीही होती. सांगून टाकावं असं रोज वाटायचं. पण त्यांची मुलगी रीटा उत्तनला द्यायची ठरली होती, येत्या माघात लग्न होतं, आणि विहीणबाईंनी मुलगी पसंत केली ती क्रुसाच्या घरची म्हणून. पाद्रीचं न ऐकता जुन्या देवांची रीत करणारं घर, असं एकदा नाव झालं की सोयरीक राहत नसते.

कार्तिकात मनवेल पाटलानं क्रुसाच्या चौथऱ्यावर गाव बसवला. किरिस्ताव आणि आगरी दोन्ही. पाटलाचं पहिलंच विचारणं एमिलियाला. सणाची फुलं तुझ्याकडं होती, त्यांचं काय केलंस.

रीटा समोरच बसली होती.

“जालली,” ती म्हणाली. “पाद्रीनं सांगितली तशी.”

एवढं सोपं होतं ते. कुणी दुसरा प्रश्नही विचारला नाही. सगळ्यांची तोंडं पंढरीकडे वळली. बंगल्यावर कामाला तोच, हौदातून काढून आणणारा तोच. क्रुसाला थोडी दिली आणि उरलेली तळ्यात टाकली, दुसरं काय असणार. पंढरी उभा राहून सांगत होता की मी घंगाळभरच आणली, जास्त नाही. तो ते तीनदा म्हणाला, आणि दर वेळी त्याचा आवाज जास्त चोरट्यासारखा होत गेला. खऱ्या माणसाचं असंच होतं.

गावानं ठरवलं की ज्याची घाण त्यानं काढावी. पंढरीनं एकट्यानं तळं साफ करायचं. साफ होईपर्यंत तळ्याच्या मासळीत त्याला वाटा नाही आणि आवडाबाईनं विहिरीला हात लावायचा नाही, मैलावरच्या ओहोळावरून पाणी आणायचं. मासळी तर मेलीच होती, पण वाटा काढून घेतला म्हणजे माणूस गावातून काढून घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. एमिलिया खाली बघून आपल्या पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून पंढरी तळ्यात. सकाळी बंगल्यावरचं काम, दुपारनंतर कमरेएवढ्या पाण्यात. कोयत्यानं कापायचं, बांबूनं ओढायचं, कवेत धरून काठावर टाकायचं. एक कव एवढी जड की वाकलेला माणूस सरळ व्हायला दोनदा दम घ्यायचा. एमिलियाला शेतातून तो दिसायचाच. महिन्याभरात त्याच्या पायाची कातडी पांढरी, सुरकुतलेली, बोटांमधे फाटलेली झाली. जळवांच्या जखमा चिघळल्या, त्यांवर माश्या बसायच्या आणि तो त्या हाकलायचासुद्धा नाही. अंगाला त्या लगद्याचा वास असा मुरला की बंगल्यावरच्या खानसाम्यानं त्याला मागच्या दारानंही आत घेणं बंद केलं, आणि पौषात ते काम गेलं. आवडाबाई हंडा डोक्यावर घेऊन ओहोळावरून यायची, विहिरीवरच्या बायका बाजूला सरायच्या. प्लेगातून उठलेली बाई, मांड्यांत अजून जोर नाही. वाटेत दोनदा हंडा उतरून बसायची.

एके दिवशी एमिलिया वाटीत खोबरेल घेऊन बांधावर गेली. पायाला लाव म्हणाली, रात्री गरम पाण्यानं धूत जा.

पंढरीनं वाटीकडे बघितलं, घेतली नाही.

“घंगालभर आनली व्हती, वैनी,” तो म्हणाला. “वरती एक काडी नय.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला सगळं कळलं आहे, का तो नुसता तिला पटवायला बघतो आहे, हे एमिलियाला ओळखता येईना. ती वाटी घेऊन परत आली आणि ते तेल तिनं राखेत ओतलं. शनिवारी ती पायी ठाण्याच्या देवळात कुमसाराला, पापं कबूल करायला, गेली. पाद्रीच्या जाळीपुढे गुडघे टेकले. शुक्रवारी मांस वर्ज्य असताना सुकट समजून मटणाचा रस्सा चाखला, नवऱ्याला उलटून बोलले, हे सगळं सांगितलं आणि उठली. रस्ताभर तिला स्वतःच्या तोंडाला वास येत होता.

माघ आला. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी. मांडवाला उंबराची फांदी बांधली की नवरीच्या आईनं बायकांना घेऊन वाजतगाजत आपल्या गावच्या तळ्यावर जायचं, पहिली कळशी आपण भरायची, त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालायचं. दुसऱ्या गावचं पाणी चालत नाही. ज्या पाण्यावर वाढली त्याच पाण्यानं तिला काढून द्यायचं, अशी रीत.

पायऱ्यांपुढची जागा तेवढी मोकळी ठेव असं मनवेल पाटलानं पंढरीला सांगून ठेवलं होतं. पंढरीनं सकाळपासून ती केलीही होती. पण दुपारी खाडीवरून वारा सुटला आणि झाडांचा सगळा तरंगता तवा हळूहळू पायऱ्यांकडे सरकू लागला. मडक्याला कातडं ताणलेला घुमट वाजवत बायका खाली उतरल्या तेव्हा पंढरी छातीएवढ्या पाण्यात पाठमोरा नव्हे, त्यांच्याकडे तोंड करून उभा होता. पाठीनं आणि दोन्ही बाजूंना पसरलेल्या हातांनी त्यानं बांबू आडवा धरला होता, आणि बांबूवर अख्खं तळं रेललं होतं. त्याच्या छातीपुढे परातीएवढं काळं पाणी उघडं होतं.

एमिलिया हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोली घालून कळशी घेऊन सातव्या पायरीवर आली. तीच पायरी. तिनं कळशी बुडवायला वाकावं तर पंढरीचं तोंड तिच्यापासून हातभर अंतरावर. आणि त्याच्या गळ्यावर, कानाखाली, जळू.

ती नुकतीच लागली असावी, बारीक होती. एमिलिया बघत राहिली तशी ती फुगत गेली. पंढरीचे दोन्ही हात बांबूला अडकलेले. त्यानं खांदा उचलून गळा घासायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग सोडून दिलं. मागे बायका गात होत्या, तळ्याचं पाणी निर्मळ, आमची नवरी निर्मळ. जळू अंगठ्याएवढी झाली, काळीनिळी, तुकतुकीत.

“भर वैनी लवकर,” पंढरी म्हणाला. “हात ऱ्हात नय.”

एमिलियानं कळशी पायरीवर ठेवली. हात लांब करून दोन बोटांनी जळू धरली आणि ओढली. ती ताणली, सुटली, आणि पंढरीच्या गळ्यावरून रक्ताची धार काळ्या पाण्यात गेली. बोटांना लागलेलं ते थंड, बुळबुळीत अंग तिनं दगडावर चिरडलं. मग ती उठून वर वळली.

“ती फुला मी सोरली,” ती म्हणाली. “क्रुसावरची. हितंच. जालली नव्हती, मी खोटी बोल्ली.”

घुमट थांबायला जरा वेळ लागला. गाणाऱ्या बायकांत विहीणबाईंची सख्खी बहीण होती, ती याच गावात दिलेली. तिनं पदर नाकाला लावला. मनवेल पाटील वरच्या पायरीवरून खाली आला आणि हलक्या आवाजात म्हणाला की लग्नाचं घर आहे, तोंड सांभाळ, आणि क्रुसाच्या फुलानं असं कधी होईल का. ते ऐकून दोन-चार जणांनी माना हलवल्या. दोष द्यायला त्यांना पंढरीच बरा वाटत होता.

“फुलाला कं म्हायती क्रूस,” एमिलिया म्हणाली. “हात माझा व्हता.”

आणि ती नव्या लुगड्यानिशी पाण्यात उतरली. गुडघा, मांडी, कंबर. पायाखाली गाळात काहीतरी मऊ दबलं. बांबूचं एक टोक धरून तिनं आपल्या अंगावर घेतलं. पंढरीनं तिच्याकडे बघितलं नाही. त्यानं फक्त एक हात सोडून गळ्यावर दाबला आणि डोळे मिटले. वर बायका उभ्याच. शेवटी गलका ऐकून मांडवातून धावत आलेली रीटा खाली उतरली, आईची कळशी उचलली आणि स्वतःच्या न्हाण्याचं पाणी स्वतः भरलं. असं कुठल्या नवरीनं कधी केलं नव्हतं.

पाणी तीन फडक्यांतून गाळलं. नारळाचा रस लावला, तेल लावलं. तरी रीटा म्हणाली की आई, वास येतो. एमिलिया म्हणाली, येऊ दे.

लग्न मोडलं नाही. बातमी रातोरात उत्तनला पोचली होती, पण विहीणबाईंच्या मांडवात डुकरं कापून झाली होती. पाठवणीच्या वेळी त्या एवढंच म्हणाल्या की आमच्या घरात हिनं फुलाबिलांना हात लावायचा नाही. रीटा मान खाली घालून गाडीत बसली. ते बोलणं एमिलियानं घेतलं. ते तिचंच होतं.

गावानं शब्द मागे घेतला असं मात्र झालं नाही. गावाचा शब्द तसा मागे येत नसतो. पाटील म्हणाला की घाण दोघांची, दोघांनी काढावी. क्रुसाची झाडलोट त्याच्या नुकत्याच आलेल्या सुनेकडे गेली. थॉमसनं बायकोशी आठ दिवस अबोला धरला आणि नवव्या दिवशी बैलजोडी तळ्यावर नेली, दोराला लोखंडी आकडे बांधले आणि तवा ओढायला लागला. वायंगण वाळून गेलंच होतं, बैलांना दुसरं काम नव्हतं. विहिरीचं काय ते कुणी बोललं नाही. एमिलिया सकाळी जायची आणि आपल्या हंड्याआधी आवडाबाईचा हंडा शेंदून द्यायची. पहिल्या दिवशी आवडाबाईनं तो हंडा तसाच ओतून टाकला आणि ओहोळावर गेली. तिसऱ्या दिवशी नेला. एमिलियाच्या पायांची कातडी पंढरीच्या पायांसारखी झाली. तिच्या अंगाच्या वासानं मिस्साला तिच्या बाकावर कुणी बसेना.

वैशाखापर्यंत अर्धं तळं मोकळं झालं. अर्धं हिरवंच, आणि त्यात फुलं डोलत होती.

सण आला. वैशाखच तो, कुणाच्या घरी फूल नाही. लादाईनीच्या प्रार्थनेला सगळे जमले तर क्रुसापुढे, त्याच घंगाळात, जांभळे तुरे. पाटलाच्या सुनेनं मुळासकट आणले होते. तिला वाटलं, क्रुसाला आवडतात. नव्या नवरीचं तोंड किती भोळं असतं.

एमिलिया पुढे झाली. घंगाळातलं झाड तिनं मुळाला धरून उचललं, तसं काळं पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळलं. ती आता तळ्याकडे जाईल या धास्तीनं पंढरी पायरीच्या वाटेत येऊन उभा राहिला. पण ती जागची हलली नाही. क्रुसापुढे ठेवलेलं फूल तिनं क्रुसाच्याच फरशीवर टाकलं. पायदळी नाही, हा सासूचा शब्द तिच्या कानात स्पष्ट होता. तरी तिनं पाय उचलला आणि दिला. फुगलेला देठ फट्ट वाजला. मग दुसरा, तिसरा. तुरा टाचेखाली चेंदला गेला आणि त्याचा निळा रस बोटांच्या भेगांत शिरला. ती एकेक देठ शोधून फोडत होती आणि सगळा गाव उभा राहून ऐकत होता. थॉमस गवताचा भारा घेऊन आला, पंढरीनं शेणी आणल्या. ओलं झाड जळता जळेना. धूर डोळ्यांत जात राहिला, पण राख होईपर्यंत कुणी घरी गेलं नाही.

मग एमिलिया विहिरीवर जाऊन काठाच्या दगडावर उभी राहिली. आवडाबाईनं हंडा शेंदला आणि तिच्या पायांवर पाणी ओतलं.

पाण्याला अजून वास होता.